खालच्या मजल्याचे बिल

मित्रांनो, न्हाणीघरात शिरताना डोके वर केलेत तर दारावर एक निळे, पोट सुटलेले पिंप टांगलेले दिसेल. तो मी. जुना गिझर. कुणी पिंप म्हटले तर मला राग येत नाही. या घरात मला त्याहून वाईट बोलले गेले आहे. माझा राग दुसऱ्याच एका गोष्टीवर आहे, आणि ती गोष्ट माझ्या बरोबर खाली, तळमजल्याच्या न्हाणीघरात, भिंतीला चिकटून बसली आहे. पांढरी, चपटी, गुळगुळीत. तिच्याकडे येईनच. पण आपल्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर जन्मापासून सांगावी, सुरुवातीलाच भांडायला बसू नये.

एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये मी तयार झालो. तांब्याचा पत्रा गोल वळवून माझे पोट केले. सांधा जोडणारा कारागीर फार कमी बोलायचा. सांधा झाला की तो पोटात काठोकाठ पाणी भरायचा आणि बाहेरून कान लावून बसायचा. गळका गिझर आतल्या आत कुजबुजतो, असे त्याचे म्हणणे. मी कुजबुजलो नाही. त्याने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि मला पुढे ढकलले. ती माझी पहिली शाबासकी. मग आतली ऊब आतच राहावी म्हणून माझ्याभोवती जाड लोकर गुंडाळली, वर पत्र्याचे कवच चढवले आणि तळाशी एक लाल दिवा बसवला. पाणी तापत असले की दिवा लागतो, तापले की विझतो. मला एवढेच बोलता येते.

मला विकत घेतले एका रंगाऱ्याने. दिवसभर शिडीवर उभा राहून तो लोकांच्या भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी कोपरापर्यंत रंगीत होऊन घरी यायचा. गार पाण्याने तो रंग निघायचा नाही. या हातांनी ताटाला शिवायचे नाही, असे त्याच्या बायकोने बजावले, आणि दुसऱ्या दिवशी तो मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आला. त्या वेळी हे दोन मजल्यांचे घर एकच होते. खाली स्वयंपाक, वर झोपायच्या खोल्या आणि वरच एक न्हाणीघर. एवढ्या घराला मी एकटा. सकाळी माझ्याखाली रांग लागायची. पाहुणे आले की रंगारी त्यांना आधी पाणी विचारायचा नाही, आधी माझे पाणी दाखवायचा. नळाखाली हात धरायला लावायचा आणि पाहुण्याने हात झटकन मागे घेतला की खूश व्हायचा.

त्याच्याकडे कामावरचे उरलेले रंग असत. दर थोड्या वर्षांनी तो मला रंगवायचा. आधी मी एका शाळेच्या भिंतीसारखा पिवळट होतो, मग एका दवाखान्यासारखा हिरवा झालो. आत्ताचा निळा एका खेळण्यांच्या दुकानाचा आहे. अंघोळीला येताना तो बोटांच्या पेरांनी माझ्या पोटावर टकटक करायचा आणि पाणी अंगावर पडले की गाणे गुणगुणायचा. नेहमी तेच कडवे, आणि नेहमी चुकलेल्या चालीत. त्याच्या चुकलेल्या चालीची मला सवय झाली होती. दुसऱ्या कुणी ती बरोबर गायली असती तर मला आवडली नसती.

दिवस गेले. रंगाऱ्याचे केस पांढरे झाले, बायको गेली, दोन मुलांची लग्ने होऊन नातवंडे झाली. म्हणून आता मी त्यांना आजोबा म्हणतो. शिडीने त्यांचे गुडघे खाल्ले होते. दोन्ही मुले चांगली होती, पण दोन सुना एका चुलीवर राहिल्या की भांडी जास्त वाजतात, हे ओळखून आजोबांनी भांडण व्हायच्या आधीच घर वाटून दिले. खाली वेगळे न्हाणीघर बांधले. जिन्याखाली विजेचे दोन मीटर बसवले आणि त्यांच्या पेट्यांवर आजोबांनी स्वतःच्या हाताने सुबक अक्षरांत नावे रंगवली. एका पेटीवर ‘थोरला’, दुसरीवर ‘धाकटा’. माझ्या न्हाणीघराची खिडकी जिन्यावरच उघडते, त्यामुळे त्या पेट्या मला रोज दिसतात. आधी थोरल्याने खाली आणि धाकट्याने वर राहायचे ठरले होते. पण सामान लावायच्या दिवशी थोरली सून वर आली आणि खिडकीतले ऊन बघून गेली. मग खालचा अंधार मुलांच्या डोळ्यांना कसा वाईट, हे तिने इतक्यांदा बोलून दाखवले की नव्याने आलेली धाकटी म्हणाली, तुम्ही घ्या ताई वरचा. ट्रंका वर गेल्या, ट्रंका खाली आल्या. आजोबा थोरल्यांबरोबर वर राहिले. मी मनातल्या मनात थोरलीला दुवा दिला. माझा माणूस माझ्याजवळ राहिला होता.

माझे सुख फार टिकले नाही. खालच्या न्हाणीघरात ‘तो’ आला, नवा चपटा गिझर.

आमच्या दोन न्हाणीघरांना जोडणारा हवेचा एक झरोका आहे. त्यातून मला खालचे सगळे ऐकू येते आणि थोडे दिसतेही. त्याच्या पोटावर हिरवे आकडे उमटतात. पाणी किती तापले ते आकडा सांगतो. मित्रांनो, मला सांगा, पाणी तापले की नाही हे हाताला कळत नाही का? पण खालची नातवंडे त्याच्यासमोर उभी राहून आकडे मोठ्याने वाचायची, आणि वरची नातवंडे ते बघायला खाली जायची. माझ्या दिव्याकडे कोण बघणार? तो पाच मिनिटांत तापायचा. मला अर्धा तास लागतो. मी स्वतःची समजूत घालायचो की सावकाश तापलेले पाणी अंगाला जास्त मानवते. ते खरे आहे की नाही, मला माहीत नाही. पण मत्सराला काहीतरी खायला घालावे लागते.

माझा मत्सर निदान मुका होता. थोरलीच्या मत्सराला तोंड होते.

धाकटी एका ऑफिसात नोकरी करायची. तिच्याकडे कपडे धुवायचे यंत्र होते, उन्हाळ्यात दोन खोल्यांत कूलर चालायचे, दिवे तर दिवसाढवळ्या जळत. आणि तरी तिचे विजेचे बिल थोरलीच्या बिलाच्या निम्मे यायचे. एके दिवशी तिने सांगितले की तिने वीज देणारी कंपनीच बदलली. मुलांना कळावे म्हणून थोरल्याने ते समजावून सांगितले ते असे: तारा त्याच, वीज तीच, मीटरही तोच, फक्त विजेचे पैसे घेणारा दुकानदार वेगळा, आणि त्याचा भाव कमी. धाकटीने ऑफिसात बसून चार-पाच कंपन्यांचे भाव ताडून पाहिले होते आणि सगळ्यात स्वस्त निवडली होती. तिचे आधीच कमी असलेले बिल आणखी उतरले. ती जिन्यात उभी राहून हे सगळ्यांना सांगायची. वाईट मनाने नाही. पण शहाणपणा केला की तो कुणाला तरी सांगावासा वाटतोच.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची काटकसर अख्ख्या गल्लीला माहीत होती. दोन खोल्यांत माणसे असली तर एका खोलीतला दिवा बंद व्हायचा आणि सगळ्यांनी दुसरीत जाऊन बसायचे. कपडे इस्त्री न करता गादीखाली घालून सपाट करायचे. फ्रीजचे दार उघडायच्या आधी काय काढायचे ते ठरवून मगच हात लावायचा. दार उघडून विचार करताना कुणी सापडला तर त्याची धडगत नसे. एवढे करून तिचे बिल धाकटीच्या दुप्पट. कुणाला तरी चोर ठरवणे भाग होते. तिची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

“हाच तो. भिंतीवर बसून बिल खातोय,” ती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. तिने माझ्या बटणावर जाड चिकटपट्टी मारली. फक्त आजोबांच्या अंघोळीपुरती ती उचलायची, तीही घड्याळ लावून. पाणी धड कोमट झाले की बटण बंद. थंडी सुरू झाली तशी आजोबांची पेरांची टकटक बंद झाली आणि गाणेही गेले. कुडकुडणारा माणूस गुणगुणत नाही. सकाळी ते भिंतीला धरून उठू लागले. थोरल्याने बायकोला एकदा हळूच म्हटले की बाबांना पाणी जरा गरम दे. तिने बिल त्याच्या पुढ्यात ठेवले. तो बस डेपोत इंजिने दुरुस्त करतो. इंजिनाशी त्याला बोलता येते, बायकोशी फारसे येत नाही. 

हे धाकटीच्या कानावर गेले. एका संध्याकाळी तिने जिन्यातून हाक मारली, “बाबा, खाली या. पाणी तापलंय, कढत आहे.”

आजोबा टॉवेल खांद्यावर टाकून एकेक पायरी उतरले. थोड्या वेळाने झरोक्यातून वाफ वर आली आणि वाफेबरोबर ते गाणे. तेच कडवे, तीच चुकलेली चाल. माझ्या पोटात गार पाणी होते, तरी मी जळत होतो. ज्याच्या हातांचे रंग मी वर्षानुवर्षे काढले, त्याने दुसऱ्याच्या धारेखाली गावे? आणि तो चपटा वर आकडा दाखवून मिरवत असेल, हे मला न बघताच दिसत होते.

त्यानंतर आजोबा रोज संध्याकाळी खाली जाऊ लागले. थोरली स्वयंपाकघरात भांडी आपटायची. शेजारणीने विचारले, आजोबा कुठे निघाले टॉवेल घेऊन? तेव्हा ती म्हणाली, “फिरायला.” सासऱ्याला धाकटीकडे अंघोळीला जावे लागते, ही गोष्ट तिला बिलापेक्षा जास्त झोंबत होती. पण चिकटपट्टी काढायला तिचा हात होईना. पट्टी काढायची म्हणजे बिल वाढवायचे, आणि बिल वाढवायचे म्हणजे धाकटी जिंकली.

शेवटी तिने नाक मुरडत तेच केले जे धाकटीने केले होते. तीच कंपनी घेतली. फोनवरच्या माणसाने मीटरचा नंबर मागितला, तिने जुन्या बिलावरून वाचून दाखवला. जिन्याखाली जाऊन पेटीवरचा नंबर कुणी पाहिला नाही. महिना झाला, आणि बिल कमी यायच्या ऐवजी वाढून आले. भाव खरोखर उतरला होता, पण वीजच जास्त जळल्याचे बिल सांगत होते. वर काहीच वाढले नव्हते. मी तर जवळजवळ बंदच होतो. खाली मात्र धाकटीने त्याच महिन्यात कपडे वाळवायचे यंत्र आणले होते.

थोरली जिन्यात बिल घेऊन उभी राहिली. धाकटी ऑफिसातून येत होती. तिने बिल बघितले आणि ओठ चावून म्हणाली, “ताई, कंपनी बदलून काय होतं? थोडी सवय बदलायला हवी.”

आयुष्यभर दिवे विझवत फिरणाऱ्या बाईला हे ऐकावे लागले.  ती वर आली आणि तिने भंगारवाल्याला निरोप पाठवला.

भंगारवाला आला, त्याने माझ्या पोटावर वाजवून पाहिले आणि तांबे चांगले आहे म्हणाला. तांबे चांगले आहे! माणूस चांगला आहे असे म्हणावे आणि त्याची हाडे मोजावीत, तसे ते मला वाटले. त्याच दिवशी दोन्ही मुले आजोबांच्या खाटेविषयी बोलली. गिझर जाणार, मग आजोबांनी खालीच राहायला जावे हे बरे, जिनाही वाचेल. खाट महिनाअखेर खाली न्यायची, मलाही तेव्हाच उतरवायचे असे ठरले. आजोबा ऐकत होते. ते म्हणाले, बघा तुम्हाला सोयीचं पडेल तसं. म्हाताऱ्या माणसाचे हे वाक्य होकार नसते, मित्रांनो. पण सगळे त्याला होकारच समजतात.

थोरली त्या दिवशी जेवली नाही. सासरा मोठ्या मुलाचे घर सोडून जातो, ते कशामुळे, हे लोकांना सांगता येणार नव्हते. आणि मी? मी एवढाच विचार करत होतो की खाट तिकडे गेली की गाणे कायमचे त्या चपट्याचे झाले.

पण महिनाअखेर व्हायच्या आधी खालच्या मुलांना सुट्टी लागली. धाकटीच्या भावाकडे नवे बाळ आले होते. ती, धाकटा आणि मुले सगळेच महिनाभर तिकडे गेले. जाताना धाकटीने फ्रीजसुद्धा रिकामा करून बंद केला. खालच्या दाराला कुलूप लागले. खाट तशीच वर राहिली, आणि आजोबांना गरम पाणी द्यायला आता मीच उरलो होतो. थोरली माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग नखाने खरवडून तिने चिकटपट्टी काढली.

तो महिना मी कसा घालवला ते काय सांगू! बंद राहून माझ्या पोटात क्षार धरले होते, पहिल्या दिवशी मी खडखडलो आणि नळातून लालसर पाणी आले. थोरलीने ते वाहू दिले, आणि नंतरचे पाणी मी इतके तापवले की आजोबांना बादलीत गार मिसळावे लागले. त्यांनी पेरांनी टकटक केली. “म्हाताऱ्या, आहेस का अजून?” ते म्हणाले. मी दिवा लावून उत्तर दिले. ते गायलेसुद्धा. झरोक्यातून मी ती चाल खाली पाठवली. त्या चपट्याच्या पोटावर अंधार होता. एक आकडा नाही. मला फार बरे वाटले, हे मी लपवत नाही.

थोरलीला मात्र बरे वाटत नव्हते. महिनाभर मी रोज चाललो होतो. आता बिल काय येईल या विचाराने तिचा जीव खाली-वर होत होता. म्हणून धाकटी परत आली आणि तिने पुन्हा “बाबा, पाणी तापलंय” अशी हाक मारली, तेव्हा थोरलीने आजोबांना अडवले नाही. टॉवेल पुन्हा जिना उतरू लागला. पट्टी पुन्हा माझ्यावर बसली.

त्याच आठवड्यात संध्याकाळी दोन्ही बिले आली.

थोरलीचे बिल इतके कमी की तिने ते खिडकीत नेऊन उजेडात धरून वाचले. मग केस सारखे केले आणि चेहरा गंभीर करून ती खाली निघाली. जिन्यात धाकटी स्वतःचे बिल घेऊन उभी होती. आजोबा खाली अंघोळीला बसले होते, त्यांचा आवाज मला येत होता.

थोरली म्हणाली, “शेवटी लागला बाई तुझ्या कंपनीचा गुण. सवय चांगली असली की लागतो.”

धाकटी म्हणाली, “घर महिनाभर बंद होतं, ताई. फ्रीजसुद्धा बंद. मग माझं बिल एवढं कसं आलं?”

“मला काय विचारतेस? कंपनीला विचार.”

“कंपनीला कशाला? वीज कुठे गेली ते इथेच कळेल.”

धाकटीच्या मनात होते की आपण नसताना वरच्यांनी आपल्या मीटरमधून वायर ओढली. ती ताडताड जिन्याखाली गेली. ‘धाकटा’ लिहिलेल्या पेटीचा खटका तिने खाली ओढला. वरच्या मजल्यावरचे सगळे दिवे गेले. वरून मुलांनी आरडाओरडा केला. खालच्या खोल्यांत मात्र लख्ख उजेड होता.

“बघा,” ती म्हणाली.  “माझा खटका ओढला आणि तुमच्याकडे अंधार. ताई, मागितली असती तर दिली नसती का मी वीज?”

चोरीचा आळ! दिवे विझवता विझवता जिचे हात झिजले तिच्यावर! थोरली खाली उतरली, धाकटीला बाजूला सारले आणि ‘थोरला’ लिहिलेल्या पेटीचा खटका ओढला. माझा खटका ओढला की बघ माझंच घर अंधारात जातं, असे तिला दाखवायचे होते. घर तर आधीच अंधारात होते. अंधारात गेला तो खालचा मजला.

जिन्यात काही दिसेना. खालच्या न्हाणीघरातून आजोबांचा आवाज आला, “अरे, डोळ्यांत साबण आहे, कोण मेलं खेळतंय?”

कुणी हसले नाही. थोरला वरून टॉर्च घेऊन आला. त्याने आधी पेट्यांवर प्रकाश टाकला, मग वर जाणाऱ्या तारांवर. इंजिनातली नळी कुठून कुठे जाते ते बघावे तसा तो बघत राहिला. आणि म्हणाला, “मीटर बसवले तेव्हा आपण खाली राहणार होतो. मग मजले बदलले.”

ट्रंका बदलल्या, खाटा बदलल्या, देणीघेणी बदलली. मीटर बदलायचे कुणाच्या लक्षात आले नाही. पेटीवर आजोबांचे सुबक अक्षर होते, बिलावर नाव बरोबर होते, मग संशय कोण घेणार? इतकी वर्षे थोरली धाकटीच्या विजेचे पैसे भरत होती आणि धाकटी थोरलीच्या. थोरलीने विझवलेला एकेक दिवा धाकटीच्या बिलात वाचला होता. माझ्या बटणावर पट्टी लागली, आजोबा वर कुडकुडले, आणि त्याचा फायदा खालच्या बिलाला झाला. आणि मजले कुणाच्या हट्टाने बदलले होते, ते जिन्यात उभ्या असलेल्या तिघांनाही आठवत होते. कुणी बोलले नाही, एवढाच मोठेपणा.

धाकटी पायरीवर बसली. थोड्या वेळाने तिला आजोबांची आठवण झाली आणि तिने उठून ‘थोरला’चा खटका वर केला, तेव्हा कुठे त्यांना साबण धुता आला.

दुसऱ्या दिवशी धाकटी वर आली. दोघी न्हाणीघराच्या दारातच बोलल्या, माझ्या अगदी खाली. धाकटी म्हणाली की आजवरचे जास्तीचे पैसे ती थोडे थोडे करून देईल. थोरली मान खाली घालून ओला पोछा पिळत होती. मला वाटले, आता ही हिशेब काढील. पण ती म्हणाली, “पैसे राहू दे तुझे. मामंजींची अंघोळ वर होऊ दे. खाटही वरच राहू दे. मग आपलं काही देणं-घेणं नाही.”

मित्रांनो, त्या क्षणी मी तिला सगळे माफ केले.

 धाकटी म्हणाली, “पैसे घ्या ताई. खाट तुमचीच. बाबा तुमच्याकडे जेवतात, तुमच्याकडे झोपतात, तुमच्या मुलांना गोष्टी सांगतात. माझ्याकडे त्यांचा अर्धा तास येतो, तोही न्हाणीघरात. मी दाराबाहेर भाजी निवडत त्यांचं गाणं ऐकते. मला वडील नाहीत. तेवढा अर्धा तास नका मागू.”

मी खालच्या चपट्यावर जळत होतो आणि धाकटी वरच्या मजल्यावर जळत होती, हे मला कधी सुचले नव्हते. तिच्याकडे कमी बिल होते आणि लख्ख दिवे होते, म्हणून तिला कशाची कमी असेल असे वाटलेच नाही. थोरलीलाही ते वाटले नसावे. तिने पोछा खाली ठेवला.

“गाणं चुकीचं म्हणतात ते,” थोरली म्हणाली.

“माहितीये,” धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

नंतर कंपनीचा माणूस आला आणि दोन्ही नावे जागच्या जागी गेली. आजोबांनी स्टूलवर बसून पेट्यांवर नवी अक्षरे रंगवली. धाकटीने वाळवणीचे यंत्र जपून वापरायला घेतले. पैसे तिने ठरल्याप्रमाणे दिले, आणि थोरलीने घेतलेही. काटकसरी बाई आहे ती, दोनदा नाही म्हणत नाही. आता दर वर्षी दोघी मिळून कंपन्यांचे भाव बघतात. खाट वरच आहे. मला न्यायला आलेल्या भंगारवाल्याला थोरलीने दारातूनच परत पाठवले. आणि आजोबा संध्याकाळी अंघोळीला अजूनही खालीच जातात.

ते जाताना मला अजून त्रास होतो. तो चपटा आकडे दाखवतो, गाणे ऐकतो, आणि मी ते झरोक्यातून ऐकतो. मत्सर काही खटका ओढून बंद होत नाही. पण भंगारवाल्याला परत पाठवले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला सांगायची आहे. सगळ्यांची आवराआवर झाली होती. थोरली तिच्या नेहमीच्या वेळी, सगळ्यांच्या शेवटी, न्हाणीघरात आली आणि सवयीने गार पाण्याचा नळ सोडून बादली भरू लागली. मग तिने तो बंद केला. वर माझ्याकडे पाहिले, पट्टी पूर्ण काढून टाकली आणि माझे बटण दाबले. अर्धा तास ती दाराशी स्टूलवर बसून राहिली. पहिली धार हातावर पडली तेव्हा तिने हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. तिच्या हातांना भेगा होत्या. इतके हिवाळे ही बाई माझ्याखाली गार पाण्याने अंघोळ करत होती, आणि माझे लक्ष झरोक्याकडे होते.

आता मी रोज तिच्यासाठी तापतो. ती गात नाही. पण घाई करत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या. आम्हाला महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, आत क्षार धरतात. वर्षातून एकदा पोट उघडून साफ करा. कंपनी बदलायची तर खुशाल बदला, पैसे वाचतात, पण त्याआधी जिन्याखाली जाऊन आपला मीटर कुणाची वीज मोजतोय ते बघा. आणि एक काम आजच करा. तुमच्या घरात सगळ्यांच्या शेवटी अंघोळ कोण करते ते बघा, आणि तिच्यासाठी गरम पाणी उरले आहे का, ते विचारा.